कुंडीतल्या निवडुंगाला ऊन किती?



गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वह्या भरून झाल्या, की चहाच्या वेळी जे प्रश्न निघतात ते खरे कामाचे असतात. गेल्या उन्हाळ्यापासून आमच्याकडे असा एक प्रश्न फिरून फिरून येतोय. कुंडीतले निवडुंग करणाऱ्या ताया विचारतात, "निवडुंग तर उन्हातलंच झाड. मग ते उन्हात करपलं कसं?" आणि त्यांच्याच शेजारी बसलेली दुसरी ताई म्हणते, "आम्ही जपून घरात ठेवलं, तर ते शेवग्याच्या शेंगेसारखं लांबच लांब झालं." दोघी खरं बोलतात. म्हणून आज आम्ही फक्त उन्हाबद्दल बोलणार आहोत. माती, खत, कलम हे पुन्हा कधीतरी.

काहींना वाटेल, एवढ्याशा काटेरी झाडासाठी रेडिओवर भाषण कशाला? तर आमच्या माणदेशात हा आता नाद राहिला नाही, काम झालंय. जिच्याकडे शेत नाही, विहीर नाही, पण पत्र्याच्या घरापुढं दहा बाय दहाची जागा आहे, तिला हे काम जमतं. शंभर लहान कुंड्यांना आठवड्याला बादलीभर पाणी पुरतं. टँकरच्या दिवसांत एवढ्या पाण्यात दुसरं काय पिकतं? पण यात एक मेख आहे. कुंडी विकण्याजोगी व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं, आणि उन्हाचा डाग पडायला एक दुपार पुरते. डाग पडलेलं झाड मरत नाही, पण त्याला गिऱ्हाईकही मिळत नाही. वर्षभर सांभाळलेली कुंडी घरातच राहते आणि कर्जाचा हप्ता मात्र वेळेवर येतो.

आता तुमच्या-आमच्या ओळखीचे तीन निवडुंग घेऊ. पहिला बांधावरचा फड्या निवडुंग. दुसरं ब्रह्मकमळ, जे पुष्कळ घरी न्हाणीजवळ नाहीतर तुळशीच्या मागं असतं आणि पावसाळ्यात एका रात्रीपुरतं फुलतं. तिसरं ड्रॅगन फ्रूट, जे आता सांगोला, जत, आटपाडीकडं शेतात खांबांवर चढवलेलं दिसतं. ही तिन्ही झाडं एकाच कुळातली आहेत, हे सांगितलं की बायका हसतात. ब्रह्मकमळ आणि निवडुंग? पण खरंच आहे. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळं. आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते अमेरिका खंडातून आलेलं निवडुंगाच्या जातीचं झाड आहे. त्याची जी पानं दिसतात तीही पानं नव्हेत, चपटी खोडं आहेत. म्हणून तर फूल पानातून आल्यासारखं दिसतं.

कूळ एक, पण तिघांचं ऊन वेगळं. फड्या निवडुंग दिवसभर टळटळीत उन्हात उभा असतो, त्याला काही होत नाही. ब्रह्मकमळ मूळचं दाट जंगलातलं, मोठ्या झाडांच्या फांद्यांवर वाढणारं. ते भर उन्हात ठेवलं की पिवळं पडतं, आणि जांभळीखाली, पेरूखाली ठेवलं की हिरवंगार होतं. ड्रॅगन फ्रूटही मूळचं झाडावर चढणारंच. म्हणून आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात त्याच्या फांद्या भाजून पिवळ्या पडतात आणि शेतकऱ्यांना वरून जाळी लावावी लागते. दिवसभर शेतात उभं असणाऱ्या झाडाची ही गत, तर तीन इंचांच्या कुंडीतल्या रोपाचं काय?

तेव्हा "निवडुंगाला ऊन किती?" असं कुणी विचारलं, की आम्ही आधी विचारतो, "कोणत्या निवडुंगाला? केवढ्याला? आणि आजपर्यंत तो होता कुठं?" त्यातला तिसरा प्रश्न सगळ्यांत मोठा. पण पहिले दोन आधी उरकून घेऊ.

कोणता, हे ओळखायला आमच्याकडे एक ढोबळ खूण आहे. अंगावर दाट काटे, पांढरी लव किंवा केस असतील, तर त्याला जास्त ऊन चालतं. कारण काटे हे नुसतं राखण करत नाहीत, ते झाडाच्या अंगावर सावली धरतात. उघड्या, गुळगुळीत, हिरव्या अंगाचं झाड असेल तर त्याला ऊन कमी. आणि डोक्यावर लाल, पिवळा किंवा गुलाबी गोळा असलेलं जे कलमी झाड बाजारात फार चालतं, त्याला सगळ्यांत कमी. त्या रंगीत गोळ्यात हिरवेपणाच नसतो, त्यामुळं त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही. खालचा हिरवा दांडा त्याला पोसतो. आणि तो दांडा बहुतेक वेळा ड्रॅगन फ्रूटच्याच जातीचा असतो. म्हणजे वरचंही नाजूक आणि खालचंही सावलीतलं. अशा झाडाला सकाळचं दोन-तीन तासांचं कोवळं ऊन आणि बाकी दिवस उजेडाची सावली, एवढं पुरे. काटेरी, गोल किंवा खांबासारख्या झाडांना सकाळचं चार ते सहा तास ऊन मिळालं तर ती सुरेख वाढतात. उन्हाळ्यात मात्र बारा ते चार या वेळात त्यांनाही आडोसा हवा.

केवढा, याचं उत्तर निवडुंगाच्या मूळ गावीच मिळतं. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात सग्वारो नावाचा निवडुंग होतो. तो चाळीस फुटांवर जातो, दीडशे वर्षांहून जास्त जगतो. पण त्याचं रोप उघड्या रानात सहसा तगत नाही. ते एखाद्या झुडपाच्या सावलीत वाढतं. त्या झुडपाला तिकडं दाई-झाड म्हणतात. त्यातलं एक झाड आपल्या वेड्या बाभळीच्या जातभाईंपैकी आहे. म्हणजे जो निवडुंग पुढं उन्हात दीड शतक काढतो, तोही लहानपणी बाभळीच्या झिरझिरीत सावलीतच असतो. आपणही बाळाला अंघोळीनंतर कोवळ्या उन्हात शेकतो, बाराच्या उन्हात टाकत नाही. बी टाकून केलेली रोपं पहिलं वर्षभर अशीच गाळलेल्या उन्हात ठेवायची.

आता ही गाळलेली सावली किती दाट हवी, हे मोजायला यंत्र लागत नाही. दुपारी बाराच्या सुमारास कुंड्यांच्या जागेवर एक पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर हातभर उंचीवर आपला पंजा धरा. सावली काळी आणि काठ अगदी स्पष्ट, बोटं मोजता येतील अशी असेल, तर ते पूर्ण ऊन. सावली पडते आहे, हाताचा आकार कळतो आहे, पण काठ पुसट आहेत, तर ती आपल्याला हवी ती जागा. आणि सावली पडलीच नाही किंवा नुसता धुरकट डाग दिसला, तर तिथं निवडुंग लांबणार हे नक्की. शेडनेट घ्यायची असेल तर दुकानात पस्तीस, पन्नास आणि पंचाहत्तर टक्क्यांची मिळते. पन्नासची म्हणजे अर्धं ऊन अडवणारी. आपल्याकडच्या उन्हाळ्याला कुंड्यांसाठी पन्नासची बरी. पंचाहत्तरची जास्त सावली देते म्हणून चांगली असेल असं वाटतं, पण ती पावसाळ्यात तशीच राहिली की खालची झाडं उजेडाला उपाशी राहतात. जाळीला पैसे नसतील तर जुनं सुती लुगडं एकपदरी बांधा. तेही चालतं, फक्त वाऱ्याला नीट ताणून बांधा, नाहीतर फडफडून काट्यांत अडकतं.

आता मुख्य गोष्ट. निवडुंग उन्हानं जळत नाही, तो अचानक उन्हानं जळतो.

रोप जाळीखाली वाढलं की त्याची कातडी त्या उजेडापुरतीच तयार होते. तेच रोप उचलून एका दिवसात अंगणात ठेवलं, की ज्या बाजूनं ऊन लागतं ती बाजू आधी पांढुरकी, मग पिवळी आणि मग वाळक्या पाचटाच्या रंगाची होते. तो भाग पुन्हा हिरवा होत नाही. तुम्ही-आम्ही घरात काम करून एप्रिलमध्ये खुरपणीला गेलो तर पहिल्या दिवशी चेहरा भाजतो, पण आठ दिवसांत उतरतो. झाडाचं तसं नाही. निवडुंगाची हिरवी कातडी हेच त्याचं पान, तिथंच त्याचं अन्न तयार होतं. भाजली की तेवढी चूल कायमची विझली.

म्हणून झाड उन्हाला आणायचं ते पायरीपायरीनं. आम्ही तीन आठवडे धरतो. पहिले चार-पाच दिवस फक्त सकाळचं ऊन, साडेआठपर्यंत. म्हणजे भाकरी झाल्या, मुलं शाळेत गेली, की कुंड्या आत. मग दर चार-पाच दिवसांनी अर्धा-पाऊण तास वाढवायचा. तिसरा आठवडा सरेपर्यंत काटेरी झाडं अकरापर्यंतचं ऊन आरामात घेतात. ढगाळ दिवस आला तर तो मोजायचा नाही. आणि हे काम एप्रिल-मेमध्ये सुरू करायचं नाही. जे काही उन्हाला आणायचं ते जानेवारी-फेब्रुवारीत, ऊन तापायच्या आधी.

रोज कुंड्या आत-बाहेर करायच्या म्हणजे कंबर मोडायचं काम, हे आम्हाला माहीत आहे. एका ताईनं यावर चांगला उपाय काढला. कुंड्या हलवायच्याच नाहीत, सावली हलवायची. तिनं दोन बांबूंना लुगडं बांधलंय. सकाळी ते गुंडाळून ठेवते, वेळ झाली की ओढून घेते. पडद्यासारखं. चाळीस कुंड्यांचं काम एका झटक्यात.

हलवायच्याच असतील तर कुंडीच्या एका बाजूला चुन्याचा ठिपका द्या. तो ठिपका नेहमी एकाच दिशेला, समजा उत्तरेला ठेवायचा. झाडाची जी बाजू दक्षिणेला असते ती उन्हाला सरावलेली असते. कुंडी फिरली की कोवळी बाजू उन्हापुढं येते आणि दुसरीकडून भाजते. घरात खिडकीशी ठेवलेल्या झाडाला मात्र याच्या उलट करायचं. तिथं ऊन कमी आणि एकाच अंगानं येतं, झाड तिकडं वाकतं. म्हणून आठवड्याला पाव वळसा द्यायचा. गिऱ्हाइकांना हे दोन वेगवेगळे नियम सांगितले की ती गोंधळतात. तेव्हा एवढंच सांगा, "घरात फिरवा, उन्हात फिरवू नका."

आता जागेचं बघू. पूर्वेचा ओटा सगळ्यांत चांगला, हे कुणीही सांगेल. पण सगळ्यांची घरं पूर्वेला तोंड करून नसतात. आणि ऊनही वर्षभर एका जागी नसतं. आपल्याकडे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास एक दिवस असा येतो, की भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीला सावलीच पडत नाही. शाळेत मुलांना दाखवतात, शून्य सावली म्हणून. तसाच दिवस पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला येतो, पण तेव्हा ढग असतात म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. या दोन दिवसांच्या मधल्या काळात सूर्य दुपारी थोडा उत्तरेकडं असतो. म्हणजे जी उत्तरेची पडवी हिवाळ्यात गारठलेली, उन्हाचं नाव नसलेली, तिच्यात उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ ऊन शिरतं. आणि डिसेंबरात उलट. तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो. तीन फुटी काठी रोवली तर भर दुपारीही तिची सावली अडीच फुटांहून थोडी जास्त पडते. ते तिरकं ऊन दक्षिणेच्या पत्र्याखाली पार आतपर्यंत येतं.

याचा अर्थ काय? दिवाळीत पाहून ठेवलेली जागा मेमध्ये तीच राहत नाही. दक्षिणेच्या पडवीत हिवाळ्यात कुंड्या छान असतात. मेमध्ये तिथंच डोक्यावर पत्रा असल्यानं दुपारचं ऊन येत नाही, पण पत्र्याची धग मात्र येते. पश्चिमेची बाजू हिवाळ्यात चालते, उन्हाळ्यात नाही. तिथं तीन ते सहाचं ऊन आणि तापलेली भिंत, दोन्ही एकदम लागतं. पांढरी चुना दिलेली भिंत असेल तर ऊन परतूनही लागतं. कुंड्या भिंतीपासून हात-दीड हात लांब ठेवा.

आमच्या भागात पुष्कळ जणी कुंड्या स्लॅबवर ठेवतात, कारण खाली शेळ्या आणि कोंबड्या. तिथं झाडापेक्षा कुंडी जास्त तापते. रोपवाटिकेतून येणाऱ्या काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या उन्हात इतक्या तापतात की हात लावून बघा, चटका बसतो. आतल्या मुळांना तोच चटका बसतो. मग वरून झाड हिरवं दिसतं आणि खालून मुळं गेलेली असतात. यावर सोपा उपाय आहे. कुंड्या विटांवर नाहीतर फळीवर ठेवा, एकमेकींना चिकटून ठेवा, आणि कडेच्या ओळीला बाहेरून गोणपाट लावा. झाडाला ऊन लागू द्या, कुंडीला नको. मातीच्या कुंड्या यात बऱ्या पडतात, पण त्या वाहतुकीत फुटतात. तो हिशेब प्रत्येकीनं आपापला करायचा.

दोन वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगतो, कारण त्यातून आमचा एक नियम ठरला. आमच्या गटातल्या तायांनी मार्चमध्ये जिल्ह्याच्या गावी एका दुकानदाराला साठ कुंड्या दिल्या. त्यानं त्या दुकानापुढं पश्चिमेच्या उन्हात मांडल्या. चार दिवसांनी फोन आला, "तुमची झाडं रोगट आहेत, पैसे देणार नाही." दोघी-तिघी जणी एसटीनं तिथं गेल्या. झाडं पाहिली. प्रत्येक झाडाचा डाग एकाच बाजूला, रस्त्याच्या बाजूला. दुकानाकडची बाजू हिरवीगार. तायांनी त्याला एकेक कुंडी उचलून दाखवली, "दादा, रोग असा बाजू बघून येतो का?" दुकानदार बराच वेळ काही बोलला नाही. शेवटी अर्धे पैसे दिले. उरलेले अजून आले नाहीत आणि येतील असं वाटत नाही.

तेव्हापासून आमचा नियम असा, की विक्रीला जाणारी झाडं दोन ठिकाणी वेगळी ठेवायची. एक जाळीतली आणि एक उन्हाला सरावलेली. दुकानात, रस्त्यावर, आठवडी बाजारात जाणार असतील तर सरावलेलीच द्यायची. आणि त्या तीन आठवड्यांच्या सरावाची मजुरी किमतीत धरायची. इथं आमच्या बायका फार मागं पडतात. कुंडीचे पैसे, मातीचे पैसे, रोपाचे पैसे लिहितात, आणि रोज सकाळी अर्धा तास आपण वाकलो त्याचे लिहीत नाहीत. "ते काय, घरचंच काम." घरचं काम असतं तर दुकानदारानं पैसे कशाचे दिले असते? वहीत एक रकाना वाढवा.

डाग कशाचा, हे ओळखता आलं पाहिजे. उन्हाचा डाग कोरडा, कडक, आणि ऊन लागतं त्याच बाजूला. कूज असेल तर बोट लावल्यावर मऊ लागतं, ओलसर असतं, वास येतो आणि बहुतेक वेळा बुडापासून सुरू होतं. लाल कोळी लागली तर वरच्या कोवळ्या शेंड्याकडून तांबूस खरखरीत थर येतो आणि तो सगळीकडून असतो. उन्हाच्या डागाला औषध नाही. तेल, हळद, राख काही लावू नका. झाड पुसट सावलीत सरकवा आणि सोडून द्या. नवी वाढ वरून हिरवी येते. अशी झाडं विकायला ठेवू नका, त्यांची पिल्लं काढायला ठेवा. बऱ्याच जातींत आईला डाग असला तरी पिल्लू स्वच्छ निघतं. आणि अंगावर नुसती तांबूस-जांभळी झाक आली असेल तर घाबरू नका. ऊन थोडं जास्त होतंय, एवढंच झाड सांगतंय.

ऊन कमी पडलं तर काय होतं, तेही बघा. शेंडा फिकट होतो, बारीक होतो आणि उजेडाकडं मान काढतो. गोल झाड नारळासारखं उभट होतं. काटे विरळ आणि मऊ येतात. पुष्कळ जणींना वाटतं झाड जोमानं वाढतंय. ती वाढ नव्हे, ती धडपड आहे. आणि एकदा बारीक झालेला भाग पुन्हा जाड होत नाही. वरचा भाग जाड आणि मध्ये कंबर बारीक, असं झाड पुढं आपल्याच वजनानं मोडतं. उन्हात आणलं तर नवी वाढ चांगली येते, पण तीही पायरीपायरीनंच आणायची. लांबलेला शेंडा सगळ्यांत लवकर भाजतो.

ऊन कमी तर पाणीही कमी, हे दोन्ही जोडीनं चालतं. सावलीत ठेवून उन्हातल्याएवढं पाणी घातलं की झाड कुजलंच. थंडीत ऊन भरपूर आणि पाणी अगदी थोडं असं ठेवलं, तर उन्हाळ्याच्या तोंडाला पुष्कळ निवडुंग फुलतात. फुललेल्या कुंडीला भाव वेगळा मिळतो, हे सांगायला नको.

पावसाळ्याचं वेगळं. तेव्हा उजेड कमी आणि हवेत ओल. आमच्या भागात पाऊस बेताचा, पण ढग बेताचे नसतात. त्या दिवसांत शेडनेट काढून टाका आणि वर पारदर्शक पत्रा किंवा प्लॅस्टिकचा कागद लावा. पाऊस अडला पाहिजे, उजेड नाही. ज्या जणी जाळीही ठेवतात आणि वर कागदही घालतात, त्यांची झाडं सप्टेंबरपर्यंत फिकी पडतात.

आणि मग येतो ऑक्टोबर. मेमध्ये आपण सगळ्या सावध असतो, पण ऑक्टोबरात फसगत होते. चार महिने झाड ढगाखाली असतं, कातडी कोवळी झालेली असते, आणि पाऊस उघडला की एकदम कडक ऊन पडतं. दिवाळीच्या विक्रीसाठी तयार केलेल्या कुंड्या नेमक्या तेव्हाच डागाळतात. म्हणून पाऊस उघडायची चिन्हं दिसली, की पहिले दोन-तीन आठवडे जाळी पुन्हा चढवायची. घटस्थापनेच्या घाईत हे राहून जातं. घर झाडायला काढाल त्याच दिवशी जाळी बांधायची, असं ठरवून टाका.

शहरातल्या गिऱ्हाइकाचं थोडं सांगतो. मुंबई-पुण्याच्या प्रदर्शनात कुंडी विकत घेतली, की ती बहुतेक टीव्हीशेजारी नाहीतर ऑफिसच्या टेबलावर जाते. तिथं उजेड नसतो. दोन महिन्यांत झाड लांबतं आणि गिऱ्हाईक म्हणतं, गावाकडच्या बायकांनी फसवलं. म्हणून आम्ही प्रत्येक कुंडीबरोबर एक चिठ्ठी देतो. त्यात तीन ओळी असतात. खिडकीत किंवा गॅलरीत ठेवा. नवी जागा दाखवताना हळूहळू ऊन वाढवा. ऊन कमी असेल तर पाणी कमी घाला. आणि खोक्यात बंद होऊन दोन-तीन दिवस प्रवास केलेलं झाड पहिल्याच दिवशी उन्हात ठेवू नका, हे तोंडी सांगतो. काही जण विचारतात, घरात निवडुंग अशुभ असतो का हो? आम्ही वाद घालत नाही. म्हणतो, मग गॅलरीत ठेवा. झाडालाही तेच हवं असतं.

दुसरं एक. व्यापारी आता रंग मारलेली झाडं मागतात. निळा, सोनेरी, चमकी लावलेला निवडुंग. आमच्या गटानं ते काम घेतलं नाही. हिरव्या कातडीवर रंग दिला की ऊन आत पोचतच नाही. आठ-पंधरा दिवस झाड मांडणीत छान दिसतं, मग खंगत जातं. ज्याला सजवायचं त्यानं कुंडी रंगवावी. आमच्या दोन ताया कुंड्यांवर वारली काढतात, त्याला मागणी चांगली आहे.

आता फेब्रुवारी लागलाय. ऊन अजून मऊ आहे, पण महिनाभर तसं राहणार नाही. या आठवड्यात तीन कामं करा. अंगणात काठी रोवून दुपारी साडेबाराच्या सुमारास तिची सावली कुठं आणि केवढी पडते ते खडूनं आखा, आणि दर पंधरा दिवसांनी पुन्हा आखा. म्हणजे ऊन कुठं सरकतंय ते डोळ्यांना दिसेल. ज्या कुंड्या मार्च-एप्रिलच्या बाजाराला द्यायच्या आहेत त्या आजपासून सकाळच्या उन्हाला लावा. आणि जाळी फाटली असेल तर आत्ताच शिवून घ्या. एप्रिलमध्ये शिवायला बसाल तर वर जाळी नसलेल्या त्या दोन दिवसांतच झाडं जातात.

ज्या गटांना कलमी निवडुंग करायचे आहेत त्यांच्यासाठी एक. ड्रॅगन फ्रूटच्या बागांत छाटणी झाली की फांद्या बांधावर टाकून देतात. त्या मागून आणा, पुष्कळ बागाईतदार फुकट देतात. सावलीत आठवडाभर काप वाळू द्या आणि मग वाळूत लावा. त्यांच्यावर कलम कसं बांधायचं ते पुढच्या वेळी सांगू, तोपर्यंत त्यांना मुळं फुटलेली असतील.